फोटोतली बाई उभी असते

मोबाइलमधल्या फोटोतली बाई उभी असते. तिला पायऱ्या चढायच्या नसतात, वळायचं नसतं, आणि पुढचं गाणं लागायच्या आत दुसरा पोशाख चढवून परत यायचंही नसतं. गॅदरिंगच्या फॅशन शोसाठी कपडे शिवून घ्यायला येणारी प्रत्येक मुलगी असा एक फोटो दाखवते आणि म्हणते, "काकू, मले हे असंच पाह्यजे." मी बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत बायकांचे कपडे शिवते. एरवी ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, लग्नसराईत घागरे. कॉलेजच्या पोरींचे रॅम्पवरचे पोशाख गेली काही वर्षं माझ्याकडे येतात. आता हे फॅड तालुक्याच्या गावातही पोचलंय. पुण्या-मुंबईच्या फॅशन कॉलेजांत मुलंमुली स्वतः शिवतात, त्यांना शिकवणारे असतात, मशिनी असतात. आपल्याकडे 'डिझायनर' म्हणून माइकवर पुकारतात ते नाव बी. कॉम.च्या विद्यार्थिनीचं असतं आणि पोशाख गल्लीतल्या शिंपिणीने रात्री जागून शिवलेला असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या मुलीने आणि त्या शिंपिणीने काही गोष्टी आधी जाणून घ्याव्यात, म्हणून हे लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे हंगाम. गॅदरिंग पडतं डिसेंबर ते फेब्रुवारीत. याच दिवसांत १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव असतो आणि त्याच्या आधीचा आठवडा आम्हाला नऊवाऱ्या आणि भगव्या फेट्यांशिवाय काही दिसत नाही. पाठोपाठ लग्नाचे ब्लाऊज येतात. पोरींच्या घरी पैसाही तेव्हाच येतो, सोयाबीन विकल्यावर आणि कापसाची पहिली-दुसरी वेचणी बाजारात गेल्यावर. म्हणजे पैसा, कपडा आणि शिंपीण तिन्ही एकाच महिन्यात ओढाताणीत. नोव्हेंबरात थीम ठरली तर काम नीट होतं. जानेवारीत ठरली तर ज्याला 'डिझायनर' म्हणतात तो बहुतेक वेळा भाड्याचा घागराच असतो, वर लेस लावलेला.

एक पोशाख मात्र सविस्तर सांगते, कारण त्यात सगळ्याच गोष्टी आल्या होत्या. एका गटाने थीम घेतली होती 'पांढरं सोनं'. मलकापूरकडची एक मुलगी, घरी कपाशी. तिला खालपासून वरपर्यंत कापसाचा गाऊन हवा होता आणि त्यावर खरी बोंडं. बापाच्या शेतातला कापूस तिने पोत्यात भरून आणला. कल्पना मला आवडली. आपल्या जिल्ह्यातलं काही तरी रॅम्पवर येणार होतं, इंटरनेटवरच्या परीचा झगा नव्हता. पण पोतं उघडलं आणि मी तिला जवळ बसवलं. शेतातून येतो तो कापूस सरकीसकट असतो. क्विंटलभर कापूस जिनिंगला गेला तर त्यातून रुई निघते साधारण तेहतीस ते पस्तीस किलो, बाकी जवळजवळ सगळी सरकी. म्हणजे तो तसाच लावला असता तर पोरीने अंगावर दोन भाग बी वागवलं असतं आणि एक भाग कापूस. आम्ही रुई घेतली.

मग बोंडं. वाळलेल्या बोंडाच्या टरफलाची टोकं सुईसारखी असतात. नेटच्या एका थरावर नमुन्याला दोन-तीन टाचली आणि कपडा नुसता उचलला, तर खालच्या थरात ती अडकली आणि जाळी टरकन फाटली. तो फाटलेला नमुना मी अजून ठेवलाय, हे काम मागायला येणाऱ्यांना दाखवायला. रुई गोंदाने चिकटवायचा हट्ट होता, तोही करून बघितला. गोंद वाळला की वरची रुई चिकटते ती खालच्या पातळ पापुद्र्यापुरती. पंख्याखाली धरली तर भुरूभुरू उडायला लागली, मशीनच्या पट्ट्यात जाऊन बसली. शेवटी केलं ते असं: आत मांजरपाटाचा साधा झगा. त्यावर रुईचे लिंबाएवढे पुंजके, प्रत्येक पुंजका पातळ नेटच्या तुकड्यात बांधून, मागून दोऱ्याची गाठ मारून एकेक टाचलेला. काखेखाली, कमरेच्या बाजूला, जिथे हात घासतात तिथे एकही नाही. बोंडं फक्त खांद्याच्या एका कडेला आणि डोक्यावरच्या पट्टीला, टोकं कात्रीने बोथट करून. तीस फुटांवरून ती पोरगी वेचणीला आलेल्या वावरासारखी दिसत होती. जवळून पाहिलं असतं तर गाठी दिसल्या असत्या. जवळून कोणी पाहत नाही, हे शिवणारीने मनाशी पक्कं धरायचं. रॅम्पच्या पोशाखावर बारीक मण्यांची नक्षी करत बसण्यात अर्थ नसतो. ती फोटोतही येत नाही आणि प्रेक्षकांनाही दिसत नाही. दिसतो तो घेर, रंग आणि चाल.

या गाऊनवरून माझं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवर झालं. नाच बसवणाऱ्या मुलाने ठरवलं होतं, पोरीने हातात पेटती पणती घेऊन यायचं. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "काहून? दोन मिनिटांचं तर आहे." त्या मुलीची आई सोबत होती. मी दुकानाबाहेर ओट्यावर लोखंडी तव्यात रुईचा एक पुंजका आणि नेटचा वीतभर तुकडा ठेवला आणि काडी लावली. रुई भक्कन गेली, राखही धड उरली नाही. नेट जळण्याआधी आकसलं, त्याचा काळा गोळा झाला आणि तो गोळा विझल्यावरही तव्याला चिकटून धुमसत राहिला. आई म्हणाली, "जळते काय माय हे!" पणतीचा विषय तिथेच संपला, बॅटरीवरची पणती आली. हे मी सगळ्यांनाच सांगते: नेट, ऑर्गन्झा, साटन, टिश्यू, जे जे स्वस्तातलं चमचमतं ते बहुतेक पॉलिस्टर नाही तर नायलॉन. ते पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. सुती कपडाही पेटतो, पण निदान वितळून चिकटत नाही. त्यामुळे दिवा, मशाल, आरतीचं ताट आणि हल्ली स्टेजच्या कडेला ठिणग्यांचे फवारे लावतात ते, यातलं काहीही घेरदार कपड्याजवळ नको. एलईडीची माळ आत शिवायची असेल तर बॅटरीसाठी अस्तराला वेगळा खिसा करा आणि तो खिसा अंगाला लागणार नाही अशा बाजूला ठेवा. ती डबी गरम होऊ शकते.

आता घेराकडे येते, कारण पैसे बुडतात ते इथे. "अंब्रेला घेर पाहिजे" असं म्हणणं सोपं आहे. त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडा. कंबर २८ इंच धरली तर २८ ला ६.२८ ने भागायचं, साडेचार इंच येतात. ही झाली मधल्या गोलाची त्रिज्या. घागऱ्याची उंची ३८ धरली तर बाहेरच्या गोलाची त्रिज्या साडेबेचाळीस. ४४ इंची पन्ह्यात हा गोल दोन अर्ध्या तुकड्यांतच बसतो आणि मायेसकट साडेचार मीटर कपडा लागतो. हे झालं एका थराचं. खालची कड येते पावणेसात मीटर. फोटोत पोरीने दाखवलेल्या गाऊनला नेटचे सहा थर होते. म्हणजे नुसती कडच चाळीस मीटरच्या पुढे गेली, आणि प्रत्येक कडेला पिको नाही तर लेस. मुलगी म्हणते लेसचं बंडल घेऊ. पण बंडल किती मीटरचं, हे तिने विचारलेलं नसतं. म्हणून कपडा घ्यायला खामगावला, अकोल्याला किंवा जालन्याला जाण्याआधी हा हिशेब झालाच पाहिजे. काही जणी मलकापूरहून गाडीत बसून भुसावळमार्गे सुरतेपर्यंत जातात. तिथे कपडा स्वस्त मिळतो हे खरं. पण कमी पडला तर तोच रंग, तोच लॉट पुन्हा इथे मिळत नाही. दुरून आणायचा असेल तर अर्धा-एक मीटर जास्तच आणा.

फुगवटा हवा म्हणून सगळे थर महागड्या नेटचे घालू नका. आत कडक कॅन-कॅनचे एक-दोन थर, तेही गुडघ्याखाली दाट, वर विरळ. कॅन-कॅन पायाला टोचतं, पोरी खाजवत चालतात. म्हणून त्याच्या आत सुती अस्तर हवंच. आणि एवढ्या घेराचं सगळं ओझं खांद्याच्या बारक्या पट्ट्यांवर लटकवू नका. कमरेला आतून दीड इंची जाड पट्टी वेगळी बसवा, हूक लावून घट्ट होणारी. वजन कमरेवर आलं की खांदा मोकळा राहतो आणि गळा खाली ओघळत नाही. ज्या पोरी रॅम्पवर एका हाताने सारखा गळा वर ओढताना दिसतात, त्यांच्या पोशाखात ही पट्टी नसते.

उरेब कापलेला कपडा लोंबतो, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्या घागऱ्याची कड कार्यक्रमाच्या दिवशी वर-खाली झालेली असते. गोल घागऱ्यात काही भाग सरळ धाग्यावर येतो, काही उरेब. उरेब भाग स्वतःच्याच वजनाने खाली उतरतो. घागरा नेफ्याला पूर्ण शिवून एक दिवस-रात्र खुंटीला टांगून ठेवायचा, मग अंगावर घालून जमिनीपासून पट्टीने माप घेत कड छाटायची आणि त्यानंतर पिको. घाईत ही पायरी पहिली गाळली जाते.

माप घेताना मुलीच्या पायात कार्यक्रमाला घालायची चप्पल हवी, आतले कपडेही तेच हवेत. पुढून कड जमिनीपासून इंच-दीड इंच वर ठेवा, मागे हवी तर टेकू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं माप मी घेत नाही. "मीडियम बसते मला" हे काही माप नाही. छाती, कंबर, खांदा, मुंढा घेतल्यावर पोरीला हात वर करायला लावायचं, खाली वाकायला लावायचं, खुर्चीत बसवायचं. बसल्यावर कंबर वाढते. आणि सगळ्या शिवणींना मोठी माया सोडायची, साटनला तर जास्तच, कारण त्याचे धागे सुटतात. दुसरं म्हणजे साटनला चुकीच्या जागी सुई घातली की भोक तसंच राहतं, उसवून लपत नाही. म्हणून महाग कपड्याला कात्री लावण्याआधी वरचा भाग मांजरपाटात शिवून अंगावर घालून बघा. आमच्यातल्या काही जणी याला वेळ वाया घालवणं म्हणतात. मला उलट वाटतं. मांजरपाट उसवून पुन्हा पुढच्या पोरीच्या कामाला येतो, वेलवेट येत नाही.

वेलवेटबद्दल एक. त्याला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापले नाहीत तर दिव्याखाली पाठ एका रंगाची आणि पोट दुसऱ्या रंगाचं दिसतं. शिवाय सुलट बाजूने इस्त्री फिरवली की लव बसते ती बसलीच. रंगही दुकानातल्या पांढऱ्या उजेडात निवडू नका. स्टेजवर निळा लाइट पडला की मरून वेलवेट काळं दिसतं. लाइटवाल्याला आधी विचारा, मोबाइलच्या टॉर्चवर निळा जिलेटीन कागद धरून बघितलं तरी अंदाज येतो.

आपल्या जिल्ह्यात एक पोशाख दर वर्षी असतोच, तो जिजाऊंचा. जन्म सिंदखेडराजाचा, लखुजीराव जाधवांचा वाडा आजही उभा आहे, त्यामुळे हे साहजिकच. पण यावर माझं मत ठाम आहे. जिजाऊंना रॅम्पवर चालवू नका. कमरेवर हात ठेवून गिरकी घेणारी जिजाऊ आपल्याकडे कोणाला रुचत नाही, आणि रुचूही नये. त्यांच्यासाठी वेगळा प्रसंग उभा करा, पडदा उघडला की त्या उभ्या किंवा बसलेल्या असाव्यात, मागे पोवाड्याचा सूर असावा. आणि कपडा? १५९८ साली जन्मलेल्या बाईच्या अंगावर टिकल्यांचं नेट आणि प्लास्टिकची सोनेरी लेस नको. टीव्हीवरच्या मालिकांनी वेलवेट आणि चमकीची सवय लावलीय. साधी जाड काठाची सुती किंवा रेशमी नऊवारी, खणाची चोळी, डोक्यावरून पदर, बस. हे दिसायलाही भारदस्त आणि खर्चही कमी.

नऊवारी नेसवायला सव्वाआठ मीटर साडी आणि नेसवता येणारी बाई दोन्ही लागतात. दुसरी हल्ली मिळत नाही, म्हणून शिवलेली नऊवारी चालते. शिवायला हरकत नाही. भानू अथय्या आपल्या कोल्हापूरच्या, 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय. 'ब्रह्मचारी'त मुमताजला नाचता यावं म्हणून त्यांनीही साडी शिवूनच दिली होती. तेव्हा शिवलेल्या साडीला नाकं मुरडू नका. पण आजीची नऊवारी घेऊन तिला कात्री लावू नका. आम्ही करतो ते असं: आत एक घट्ट सुरवार, तिच्यावर साडी रीतसर नेसल्यासारखी घालून निऱ्या आणि काष्टा हाताने कच्च्या धावदोऱ्याने टाचायचा. कार्यक्रम झाला की दोरा ओढायचा, साडी अखंड निघते. मशीनची शिलाई मारली की ती साडी पुन्हा साडी राहत नाही. एका मुलीने आईचा लग्नाचा शालू असा घागरा करायला आणला होता. मी आईला फोन लावायला सांगितला. आईला माहीतच नव्हतं.

बंजारा पोशाखाचंही तसंच. मेहकर-लोणारकडे तांडे आहेत, आणि तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांकडे जुन्या फेटिया, कांचळी, टुकरी अजून जपलेल्या सापडतात. एकेक आरसा टाक्याने बसवलेला, कवड्या, घुंगरं, जुनी नाणी. हे मागून आणायचं असेल तर त्या बाईला कार्यक्रमालाही बोलवा, घालून द्यायला तिलाच सांगा, तिला त्याचा मोबदला द्या, आणि परत करताना तीच वस्तू त्याच अवस्थेत द्या. त्याला सेफ्टी पिन लावायची नाही, उंची कमी करायला टाचायचं नाही. वजनाची सवय नसलेल्या मुलीला आधी एकदा अर्धा तास घालून बसवा. मागणं जमत नसेल तर साध्या सुती घागऱ्यावर गोंदाने प्लास्टिकचे आरसे चिकटवून त्याला 'बंजारा' म्हणू नका, त्यापेक्षा तो प्रकार घेऊच नका. समोर प्रेक्षकांत तांड्यावरची पोरंपोरी बसलेली असतात आणि त्यांना फरक कळतो.

स्टेजच्या मागे काय असतं ते आधी जाऊन बघा. मी तर जागा बघितल्याशिवाय घेर ठरवत नाही. मैदानातल्या मांडवात रॅम्प कधी चार फुटी असतो आणि घागऱ्याचा घेर पाच फूट पसरतो. मग पोरगी चालते रॅम्पवर आणि घागरा चालतो कडेच्या झेंडूच्या माळांवरून. चढायला लोखंडी जिना असतो, त्याच्या जाळीत उंच टाच आणि नेट दोन्ही अडकतात. त्यावर सतरंजी टाकायला सांगा. फेब्रुवारीत रात्री उघड्यावर दव पडतं, साटनवर ओलीचे डाग दिसतात. म्हणून पोशाख शेवटपर्यंत पिशवीत राहू द्या.

कपडे बदलायच्या खोलीला कडी आहे का, खिडकीला पडदा आहे का, हे शिंपिणीचं काम नाही असं कोणी म्हणेल. पण आत मीच असते, म्हणून मी बघते. त्या खोलीत मोबाइल आत येऊ देऊ नका, मैत्रिणीचाही नाही. हे कॉलेजच्या बाईंना आधीच सांगून ठेवा, दारात एकीला बसवा. तिथे मुली अर्ध्या कपड्यांत असतात आणि कोणीतरी हसत हसत 'बॅकस्टेज'चा व्हिडिओ काढायला येतंच.

लवकर बदलायचे पोशाख असतील तर काज-बटण विसरा. पाठीला जाड दातांची चेन घाला. ती लपणारी बारीक चेन दिसायला छान, पण नेट अडकलं की घाईत तुटते. आणि चेनच्या वर एक मोठा हूक. वेलक्रो स्वस्त आणि सोपं वाटतं, पण ते नेटला चिकटून जाळी ओरबाडतं आणि शांत संगीतात काढताना 'चर्रर्र' आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो. प्रत्येक मुलीची वेगळी कापडी पिशवी, त्यावर नाव आणि क्रमांक; आत चप्पल, दागिने, पिना सगळं त्याच पोशाखाचं. माझ्याजवळ एक डबा असतो: काळा, पांढरा, लाल दोरा ओवून ठेवलेल्या सुया, मोठ्या आणि मध्यम सेफ्टी पिना, जास्तीची नाडी, हूक, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, छोटी कात्री आणि सॅनिटरी पॅड. या शेवटच्या वस्तूची गरज दर वर्षी कोणाला तरी पडतेच आणि कोणी आणलेली नसते.

आता पैशाचं, जे बोलायला आपल्याला संकोच होतो. मुली एकेकट्या येतात तेव्हा अडचण कमी असते. कपडा त्यांचा, शिलाई माझी, अर्धे पैसे आधी. अडचण होते ती ऑर्डर संस्थेच्या नावाने येते तेव्हा. एका कॉलेजच्या कार्यक्रमाचे पोशाख मी उधारीवर शिवले होते, विद्यार्थी प्रतिनिधीच्या तोंडी शब्दावर. कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, फोटो पेपरात आले. त्यानंतर प्रतिनिधी म्हणाला बाईंना विचारा, बाई म्हणाल्या समितीपुढे ठेवते, ऑफिस म्हणालं जीएसटीचं बिल आणि तीन कोटेशनं लागतील. माझ्यासारख्या घरगुती दुकानाकडे जीएसटी नंबर कुठून येणार? पुढच्या सत्रात नवीन प्रतिनिधी आला, त्याला काहीच माहीत नव्हतं. पैसे तुकड्या-तुकड्याने आले, शेवटचा तुकडा आलाच नाही. तेव्हापासून माझ्याकडे एक साधा कागद असतो. त्यावर पोशाख किती, कपडा कोण आणणार, डिझाइन पक्कं करायची शेवटची तारीख, त्यानंतरच्या बदलाचे वेगळे पैसे, कोणाच्या सहीने आणि कोणत्या पावतीवर पैसे मिळणार, आणि कार्यक्रम पुढे ढकलला किंवा रद्द झाला तर झालेल्या कामाचं काय. सही जबाबदार शिक्षकाची, मुलाची नाही. सही मागितली म्हणून आजवर कोणी नाराज झालं नाही. एक-दोघांनी ऑर्डरच दिली नाही, ते बरंच झालं.

शिलाई ठरवताना नगावर भाव सांगू नका. 'गाऊन एवढ्याला' म्हटलं की सहा थरांची चाळीस मीटर कड त्यात फुकट जाते. मशीनचं काम वेगळं धरा, हाताचं वेगळं, आणि हाताचं काम तासावर. रुईचे ते पुंजके टाचायला माझ्यासोबत दोन बाया बसल्या होत्या. त्यांची मजुरी ठरवल्याशिवाय मी कामाला हात लावला नव्हता, आणि ती मुलीच्या आईने वेचणीच्या मजुरीसारखी रोजच्या रोज दिली. शेतकऱ्याच्या घराला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

मुलींनाही एक सांगणं आहे. ज्या पोशाखावर घरचे दोन महिन्यांचे किराणाचे पैसे जातात, तो दोन मिनिटांसाठी शिवू नका. अस्तर असं निवडा की नंतर त्याचे परकर होतील, घागरा असा की दुसऱ्या ओढणीवर लग्नात घालता येईल. चौघी मिळून एक कॅन-कॅनचा परकर शिवा, आलटून-पालटून घाला. आणि शिकायचं असेल तर खरंच शिका. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि मशीनवर बसलेल्या मुलीला फोटो दाखवताना काय मागायचं ते आपोआप कळतं. माझ्याकडे दर हंगामाला एखादी तरी मुलगी कड भरायला बसते. तिच्या हातून पिको वाकडा जातो, पण पुढच्या वर्षी ती सहा थर मागत नाही.

राहिली गोष्ट प्राध्यापक मंडळींची. गॅदरिंगची तारीख ठरली की तुम्ही मांडववाल्याला फोन करता, डीजेला करता, लाइटवाल्याला करता. त्या बैठकीला एकदा शिंपिणीलाही बोलवा, थीम ठरायच्या आधी. रॅम्प किती रुंद करायचा, जिना कुठून ठेवायचा, दोन गाण्यांच्या मध्ये किती वेळ सोडायचा हे तिला विचारा. आणि रंगीत तालीम खऱ्या पोशाखात, खऱ्या चपलांत, खऱ्या लाइटखाली घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नको, निदान दोन दिवस आधी. दोन दिवसांत कड उसवून पुन्हा घालता येते. चार तासांत फक्त सेफ्टी पिन लावता येते.